सार्वजनिक कार्यालयात सोशल मीडिया सुरू करताना: खातं उघडण्याआधीची आणि नंतरची कामं

बैठकीत वरिष्ठ म्हणाले, "आपलंही पेज हवं", आणि काम तुमच्या टेबलावर येऊन पडलं. तुम्ही जनसंपर्क विभागात असाल, किंवा तुम्हाला मोबाइल बरा हाताळता येतो एवढ्यावरच तुमचं नाव पुढे आलं असेल. पेज उघडणं अगदी सोपं आहे. म्हणूनच बहुतेक कार्यालयं ते आधी उघडतात आणि बाकीचा विचार पहिली तक्रार आल्यावर करतात.

मी एका सार्वजनिक सेवेच्या कार्यालयात हे काम पहिल्या आदेशापासून सांभाळलं आहे. पुढे इतर कार्यालयांतल्या सहकाऱ्यांनाही ते बसवून द्यायला मदत केली. अडचण सगळीकडे एकाच जागी येते. पोस्ट टाकणारा माणूस मिळतो, पण लोकांच्या प्रश्नाचं उत्तर आतून आणून देणारी व्यवस्था नसते. लोकांच्या लेखी तुमचं पेज म्हणजे कार्यालयाची आणखी एक खिडकी. ती उघडी दिसली की लोक तिच्यासमोर येऊन उभे राहणारच, आणि त्यांनी तसं उभं राहणं रास्तच आहे. आत कोणी नसेल, तर खिडकी नव्हती तेव्हा होता त्याहून जास्त राग ते घेऊन जातात. त्यामुळे खालच्या पायऱ्यांमधलं बरंचसं काम पहिल्या पोस्टच्या आधीचं आहे.

आधी हाताशी हवं असं सामान

- सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचा कार्यालयीन आदेश
- कार्यालयाच्या स्वतःच्या डोमेनवरचा वेगळा ईमेल पत्ता (कोणा एका व्यक्तीच्या नावाचा नको)
- कार्यालयाच्या नावावर घेतलेलं सिमकार्ड आणि कार्यालयातच राहणारा फोन
- पासवर्ड सुरक्षित ठेवण्याची मान्यताप्राप्त सोय
- बोधचिन्हाची मूळ, स्पष्ट फाइल (लेटरहेडवरून स्कॅन केलेली चालणार नाही)
- प्रत्येक विभागाचा एक संपर्क अधिकारी आणि त्याचा पर्यायी अधिकारी, अशी यादी
- लोकांसाठी कमेंट धोरण आणि कर्मचाऱ्यांसाठी वापराचे नियम
- आलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरं नोंदवायची एक साधी तक्ता-फाइल

यातलं काही नसेल तर सुरुवात पुढे ढकला. चार आठवडे उशीर झाला म्हणून कोणी नाराज होत नाही, पण सुरू केलेलं पेज ओस पडलेलं सगळ्यांना दिसतं.

१. पेज कशासाठी, हे एका वाक्यात लिहा

"जनजागृती करणे" किंवा "नागरिकांशी संवाद वाढवणे" असं लिहून थांबू नका. असली वाक्यं कुठल्याही कार्यालयाला चालतात आणि ती पूर्ण झाली की नाही हे कधीच कळत नाही. उद्देश तपासता यायला हवा. उदाहरणार्थ: "पाणीपुरवठा बंद राहणार असेल तर त्याची सूचना आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत लोकांपर्यंत पोचवणे", किंवा "परवान्याच्या अर्जाबद्दलच्या प्रश्नांना पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत उत्तर देणे".

हे वाक्य शोधायला चौकशीच्या टेबलावर अर्धा दिवस बसा. फोन घेणाऱ्यांना विचारा, की लोक पुन्हा पुन्हा काय विचारतात. तक्रार नोंदवही चाळा. माहिती अधिकाराचे अर्ज बघा. एकच माहिती वारंवार मागितली जात असेल, तर ती आपणहून प्रसिद्ध करायला हवी होती असा त्याचा अर्थ. या चाळणीतून जी यादी निघेल, तीच तुमची पहिल्या काही आठवड्यांची पोस्टची यादी.

क्वचित असंही निघेल, की तुमच्या कार्यालयाला वेगळ्या खात्याची गरजच नाही. लहान कार्यालय असेल, बातमी महिन्यातून एखादीच असेल, तर मुख्य कार्यालयाच्या खात्यावरून ती जाऊ द्या. हा निष्कर्ष वरिष्ठांपुढे मांडायला कचरू नका.

२. तोंडी होकारावर निघू नका, आदेश काढून घ्या

आदेश नसेल तर जबाबदारी तुमची आणि अधिकार कोणाचाच नाही, अशी अवस्था होते. आदेशात खात्याची अधिकृत नावं, जबाबदार अधिकारी, पोस्ट टाकणारे आणि रजेच्या काळातले बदली कर्मचारी, मंजुरीची पद्धत आणि कामासाठी दिलेला वेळ, एवढं तरी हवंच. कामाचा वेळ विसरला जातो. हे काम "इतर कामं सांभाळून" असं लिहिलं गेलं, की ते इतर कामांखाली दबतं.

मंजुरीच्या तीन पातळ्या करून घ्या. पहिल्या पातळीत आधीच प्रसिद्ध झालेली माहिती येते: वेळा, पत्ते, अर्जाची पद्धत, जाहीर झालेली परिपत्रकं. ती टाकायला मंजुरी लागू नये. दुसऱ्या पातळीत नवी पण रोजच्या कामातली माहिती. ती संबंधित विभागाच्या संपर्क अधिकाऱ्यानं मेसेजवर पाहिली तरी पुरे. तिसऱ्या पातळीत धोरण, वाद, अपघात, न्यायालयीन प्रकरण. ते विभागप्रमुखांच्या मंजुरीशिवाय जाऊ नये. ही विभागणी केली नाही तर सुट्टीच्या दिवसाची सूचनासुद्धा नस्तीत फिरत राहते आणि सुट्टी उलटून गेल्यावर सही होऊन येते.

निवडणुकीच्या काळात काय टाकायचं आणि काय थांबवायचं, हेही आदेशातच लिहून घ्या. त्या दिवसांत विचारायला वेळ मिळत नाही. सरकारी संस्थांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं अनेक देशांनी प्रसिद्ध केली आहेत. भारतात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान विभागानं ती २०१२ साली काढली. आदेशाचा मसुदा करताना अशी तत्त्वं समोर ठेवली, तर वरिष्ठांना सही करायलाही सोपं जातं.

३. खातं कार्यालयाच्या मालकीचं करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि सर्वाधिक नुकसान इथेच होतं. नेहमीचा प्रकार असा: उत्साही कर्मचारी स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या मोबाइल नंबरवर ओटीपी घेऊन खातं उघडतो. दोन वर्षांनी त्याची बदली होते. पुढे पासवर्ड बदलायची वेळ आली की ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि तो नंबरही त्यानं बदललेला असतो. मग कार्यालय नवं खातं उघडतं, जुनं तसंच राहतं, आणि लोकांना दोन "अधिकृत" पेजं दिसतात.

म्हणून नोंदणी कार्यालयाच्या ईमेलवर आणि कार्यालयाच्या नंबरवरच करा. फेसबुक पेजसारख्या ठिकाणी अॅडमिन होण्यासाठी वैयक्तिक प्रोफाइल लागतं. तिथे कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त तीन-चार अॅडमिन ठेवा, बाकीच्यांना मर्यादित अधिकार द्या. कोणाला कोणते अधिकार आहेत याची यादी दर तीन महिन्यांनी तपासा. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत सोशल मीडियाची खाती हा वेगळा मुद्दा घालून घ्या. एवढ्या एका ओळीनं पुढचा बराच त्रास वाचतो.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर मागितली जाणारी दुसरी खूण, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, आणि ते शक्यतो ऑथेंटिकेटर अॅपवर (फोनवरच कोड तयार करणारं अॅप) किंवा सिक्युरिटी की (लॉगिनसाठीचं छोटं उपकरण) वापरून करा. केवळ एसएमएसवर विसंबणं का धोक्याचं, ते अमेरिकेच्या शेअर बाजार नियामक संस्थेच्या, म्हणजे एसईसीच्या, उदाहरणावरून कळतं. ९ जानेवारी २०२४ रोजी तिच्या एक्स (पूर्वीचं ट्विटर) खात्यावरून बिटकॉइनच्या ईटीएफना, म्हणजे शेअरसारख्या विकत घेता येणाऱ्या फंडांना, मंजुरी मिळाल्याची खोटी पोस्ट गेली. मंजुरी तोवर मिळालेली नव्हती, आणि त्या पोस्टनं बाजार हलला. खात्याला जोडलेला फोन नंबर कोणीतरी दुसऱ्या सिमवर वळवून घेतला होता. टू-स्टेप व्हेरिफिकेशन मात्र त्या खात्यावर आधीपासून बंद होतं: लॉगिनला अडचण येते म्हणून संस्थेतल्याच लोकांनी जुलै २०२३ मध्ये ते काढून घ्यायला लावलं होतं आणि नंतर परत चालू केलंच नव्हतं. "तात्पुरतं बंद करू" असं कोणी म्हणालं, की ते परत चालू करण्याची तारीख लगेच कॅलेंडरवर टाका.

दुसरी बाजूही पाहा. पासवर्ड इतका जपून ठेवला की तो वेळेला सापडतच नाही, असंही होतं. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा लोकांच्या फोनवर गेला. दुरुस्तीचा इशारा जायला ३८ मिनिटं लागली. राज्याच्या गव्हर्नरांनी मधल्या वेळात ट्विटरवर धोका नसल्याचं कळवलं खरं, पण त्यालाही उशीर झाला. आपल्या खात्याचं लॉगिन आणि पासवर्ड आपल्याला माहीत नव्हते, असं त्यांनी पुढे पत्रकारांना सांगितलं. तेव्हा वर्षातून दोनदा, कामाची वेळ संपल्यावर, राखीव कर्मचाऱ्याला घरून लॉगिन करायला सांगा. जमतं का ते बघा.

४. एक मंच निवडा, फार तर दोन

तुमच्याकडे येणारे लोक आधीच जिथे आहेत, तिथे जा. चौकशीच्या टेबलावर येणाऱ्यांना आठवडाभर विचारलं तरी पुरेसं उत्तर मिळतं. तातडीच्या सूचनांसाठी एक मंच आणि समजावून सांगण्यासाठी, विशेषतः व्हिडिओसाठी, दुसरा. बहुतेक कार्यालयांना एवढंच झेपतं.

ज्या मंचांवर जाणार नाही, तिथेही कार्यालयाच्या नावाचं हँडल (खात्याचं नाव) नोंदवून ठेवा, म्हणजे दुसरं कोणी ते घेणार नाही. तिथे "हे खातं वापरात नाही" असं लिहून मुख्य खात्याचा पत्ता द्या. अधिकृत खात्यांची यादी वेबसाइटवर ठेवा. बनावट खातं कोणतं, हे लोक त्यावरूनच ओळखतात. मंचाकडून सरकारी किंवा संस्थात्मक खात्याची पडताळणी मिळत असेल तर अर्ज करा. कागदपत्रं लागतात आणि वेळ जातो, म्हणून सुरुवातीलाच करा.

५. दोन नियमावल्या लिहा, दोन्ही एका पानात

पहिली लोकांसाठी. कोणत्या कमेंट काढल्या जातील ते स्पष्ट सांगा: शिवीगाळ, धमकी, जातीधर्मावरून द्वेष, दुसऱ्याचा फोन नंबर किंवा पत्ता उघड करणं, जाहिराती. टीका काढली जाणार नाही, हेही लिहा आणि ते पाळा. कार्यालयाच्या कामावर टीका करणाऱ्याची कमेंट उडवणं हा सगळ्यांत मोठा सापळा आहे. वरून फोन येतो, "ती काढून टाक". अशा वेळी छापील धोरण तुमच्या बाजूनं उभं राहतं. कमेंट नियमात बसून काढलीच, तर आधी तिचा स्क्रीनशॉट, तारीख आणि कारण नोंदवा.

ब्लॉक करणं तर आणखी जपून. १५ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन शहराच्या सिटी मॅनेजरच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, प्रकरणात एक कसोटी सांगितली. अधिकाऱ्याला शासनाच्या वतीनं बोलण्याचा खरोखर अधिकार होता का, आणि ती पोस्ट करताना तो त्या अधिकारानं बोलत होता का, हे दोन्ही पाहायचं. दोन्हींचं उत्तर होय असेल, तर नागरिकाला ब्लॉक करणं ही सरकारी कृती ठरते. त्या न्यायालयानं आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली: कमेंट काढली तर परिणाम त्या पोस्टपुरता राहतो, पण माणसाला ब्लॉक केलं की संपूर्ण पेजवर त्याला बोलता येत नाही. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, पण हा भेद कुठेही उपयोगी पडतो.

दुसरी नियमावली कर्मचाऱ्यांसाठी. स्वतःच्या खात्यावरून कार्यालयाच्या वतीनं बोलू नये, कामात कळलेली गोपनीय माहिती टाकू नये, कार्यालयातल्या फोटोमागे फाइल किंवा संगणकाचा पडदा दिसत नाही ना ते पाहावं. वैयक्तिक खात्याला "अधिकृत" रूप देऊ नये. अधिकाऱ्यांचे स्वतःच्या नावाचे सत्कार आणि वाढदिवस कार्यालयाच्या पेजवर येणार नाहीत, हेही इथेच लिहून टाका. नंतर नकार द्यायला फार कठीण जातं.

६. उत्तरांची साखळी बसवा

सगळ्या पायऱ्यांपैकी एकाच पायरीला पुरेसा वेळ देता येणार असेल, तर तो हिला द्या. खातं सांभाळणाऱ्याला रस्त्याचं काम कधी संपेल ते माहीत नसतं, अर्ज कुठे अडला आहे तेही माहीत नसतं. ते विभागाला माहीत असतं. विभागाकडून उत्तर वेळेत येणं हे शिस्तीचं काम आहे, आणि त्यासाठी आधी माणसांशी बोलावं लागतं.

प्रत्येक विभागात जाऊन प्रमुखांना भेटा. परिपत्रक पाठवून हे होत नाही. त्यांना दोन भीती असतात: काम वाढेल, आणि चव्हाट्यावर आपली चूक येईल. त्यांच्याच विभागाच्या पाच नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडून लिहून घ्या आणि सांगा, की यापुढे हे प्रश्न तुमच्यापर्यंत येणारच नाहीत, आम्ही इथूनच उत्तर देऊ. काम वाढण्याऐवजी कमी होतं आहे हे दिसलं, की बहुतेक जण साथ देतात.

मग साखळी अशी लावा:

- प्रश्न आला की तक्त्यात नोंद: तारीख, मंच, प्रश्नाचा गाभा, विभाग.
- तयार उत्तरांच्या यादीत उत्तर असेल तर लगेच द्या.
- नसेल तर त्याच दिवशी जाहीर कळवा: "आपला प्रश्न अमुक विभागाकडे पाठवला आहे, गुरुवारपर्यंत इथेच उत्तर देतो." जी तारीख पाळता येईल तीच द्या.
- विभागाच्या संपर्क अधिकाऱ्याला प्रश्न पाठवा, सोबत कधीपर्यंत उत्तर हवं तेही.
- वेळेत उत्तर आलं नाही तर पर्यायी अधिकारी, मग विभागप्रमुख.
- उत्तर आलं की ते सोप्या शब्दांत मूळ प्रश्नाखालीच द्या, आणि तयार उत्तरांच्या यादीत भर घाला.

यात दोन ठिकाणी सांभाळा. एक, "इनबॉक्समध्ये मेसेज करा" हे उत्तर जिथे तिथे देऊ नका. माणसाचा अर्ज क्रमांक, आजार, पत्ता असं काही असेल तर खाजगीत बोलवायलाच हवं, आणि तसं लोकांनी कमेंटमध्ये टाकलं असेल तर ते लपवून त्यांना कळवा. पण सगळ्यांना लागू असलेलं उत्तर खाजगीत दिलं, की तोच प्रश्न पुन्हा दहा जण विचारतात. दोन, सोशल मीडियावरच्या तक्रारीची नोंद तुमच्या नेहमीच्या तक्रार व्यवस्थेत होते का, हे ठरवून जाहीर करा. होत नसेल तर क्रमांक कसा मिळवायचा ते प्रत्येक वेळी सांगा. आपली तक्रार नोंदली गेली असं समजून माणूस महिनाभर वाट पाहतो, यासारखा अन्याय नाही.

मोठ्यानं ओरडणाऱ्याचं काम आधी, असंही होऊ देऊ नका. खिडकीवर रांगेत उभा असलेला, ज्याच्याकडे फोन नाही तो माणूस मागे पडता कामा नये. पेजवरून आलेल्या तक्रारीला उत्तर लवकर द्या, पण तिचा क्रम बदलू नका.

उत्तराची वेळ पेजच्या माहितीत लिहा: "कामाच्या दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ६". रात्री आलेल्या मेसेजला आपोआप जाणारं उत्तर लावा आणि त्यात तातडीचा दूरध्वनी क्रमांक द्या.

७. परिपत्रकाचा फोटो टाकू नका

सरकारी पेजवर सर्रास दिसणारी पोस्ट म्हणजे सहीशिक्क्यासह स्कॅन केलेलं परिपत्रक. मोबाइलवर ते वाचता येत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला त्यातलं एक अक्षरही कळत नाही, शोधातही ते सापडत नाही. परिपत्रकाची लिंक द्या आणि पोस्टमध्ये सरळ लिहा: काय बदललं, कोणासाठी, कधीपासून, आता काय करायचं. "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की" यानं सुरू होणारी पोस्ट कोणी पुढे वाचत नाही.

चित्र टाकलंत तर ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ते चित्राचं वर्णन, भरा. व्हिडिओला उपशीर्षकं द्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी ती लागतातच, शिवाय पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात. चित्रावरच्या अक्षरांचा रंग आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक ठेवा. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या अक्षरांसाठी हे प्रमाण कमीत कमी ४.५ : १ सांगितलं आहे, आणि ते मोजणारी मोफत साधनं ऑनलाइन मिळतात. पिवळ्यावर पांढरी अक्षरं या मोजणीत हमखास नापास होतात.

फोटोतल्या माणसांची, विशेषतः लाभार्थी, रुग्ण आणि मुलं यांची, लेखी संमती घ्या. मदत घेताना काढलेला फोटो न टाकणंच उत्तम.

८. गाजावाजा न करता सुरू करा

उद्घाटनाचा कार्यक्रम पुढे ठेवा. आधी काही आठवडे पेज चालू ठेवून नेमानं माहिती टाका, कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारायला सांगा, साखळी किती वेळ घेते ते मोजा. जिथे अडतं तिथे माणूस किंवा वेळ बदला. मग जाहीर करा.

९. संकटाच्या दिवसाची तयारी शांत दिवसांत

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड पोलिसांनी २०१० मध्येच फेसबुक, ट्विटर आणि यूट्यूबवर प्रायोगिक सुरुवात केली होती. जानेवारी २०११ मध्ये तिथे मोठा पूर आला तेव्हा खाती होती, माणसं होती, सवय होती. अफवा पसरू लागल्या तशा त्यांनी "मिथबस्टर" असा हॅशटॅग लावून एकेक अफवा खोडून काढली. हे पुराच्या दिवशी ठरवून जमलं नसतं.

तुमच्या कार्यालयापुरतं एक पान तयार ठेवा. संकट जाहीर कोण करणार, तिसऱ्या पातळीची मंजुरी त्या दिवशी फोनवर कोण देणार, रात्रीची पाळी कोणाची. सोबत तीन-चार रिकाम्या जागांचे मसुदे: काय घडलं आहे, आम्हाला आत्ता काय माहीत आहे, तुम्ही काय करावं, पुढची माहिती किती वाजता देऊ. प्रत्येक पोस्टमध्ये तारीख आणि वेळ लिहा, कारण जुनी पोस्ट दुसऱ्या दिवशी नवी म्हणून फिरते. पहिलं काम मात्र वेगळंच: आधी वेळ लावून ठेवलेल्या सगळ्या पोस्ट थांबवा. अपघाताच्या बातमीखाली महोत्सवाचं आमंत्रण आलं, तर लोक ते विसरत नाहीत.

चुकीची माहिती गेली तर पोस्ट गुपचूप पुसू नका. दुरुस्ती टाका आणि आधीच्या पोस्टमध्ये काय चुकलं होतं ते लिहा.

१०. नोंदी जपा

कार्यालयाच्या नावानं टाकलेली पोस्ट आणि दिलेलं उत्तर हा कार्यालयीन अभिलेख समजून वागा. माहिती अधिकारात तो मागितला जाऊ शकतो. मंचावरून खात्याचा सगळा डेटा उतरवून घेण्याची सोय असते. ती दर महिन्याला वापरा आणि फाइल कार्यालयाच्या सर्व्हरवर ठेवा. किती वर्षं ठेवायचं, ते अभिलेख कक्षाला विचारून ठरवा.

११. काय मोजायचं

अनुयायांची संख्या अहवालात शोभून दिसते, पण तिच्यावरून काम कळत नाही. चार आकडे ठेवा: आलेले प्रश्न, वेळेत दिलेली उत्तरं, विभागवार लागलेला वेळ, आणि पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न. चौथा सर्वांत मोलाचा. एकच प्रश्न महिनाभर येत असेल तर अर्जाच्या नमुन्यात किंवा फलकावरच काहीतरी अस्पष्ट आहे. तो आकडा घेऊन विभागाकडे जा आणि मूळ कागद सुधारून घ्या. फॉलोअर विकत घेण्याची गळ कोणी घातली तर ठाम नकार द्या.

१२. सगळं काही मंचावर ठेवू नका

मंच दुसऱ्याचा आहे आणि त्याचे नियम कधीही बदलतात. एप्रिल २०२३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेनं, एमटीएनं, गाड्यांच्या विलंबाच्या सूचना ट्विटरवर देणं थांबवलं. ट्विटरनं आपोआप पोस्ट करण्याची सोय महाग केली होती आणि ती मध्येच तुटतही होती. सरकारी संस्थांना तातडीच्या सूचनांसाठी सूट मिळाल्यावर पुढच्या महिन्यात त्या परत सुरू झाल्या. मधल्या काळात एमटीएला स्वतःची वेबसाइट आणि अॅप होतं, म्हणून प्रवासी अडले नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही सुमारे सहा तास बंद पडले होते. ज्यांच्याकडे दुसरी वाट नव्हती, त्यांच्याकडून त्या वेळात लोकांना काहीच कळू शकलं नसतं.

नियम सोपा ठेवा: माहिती आधी वेबसाइटवर, मग मंचावर तिची लिंक. जे ऑनलाइन नाहीत त्यांच्यासाठी कार्यालयाचा फलक आणि दूरध्वनी चालूच राहायला हवा. फक्त पेजवर दिलेली सूचना ही दिलेली सूचना मानू नका.

आणि खातं बंद करायची वेळ आलीच, समजा विभाग दुसऱ्यात विलीन झाला किंवा माणूसच उरला नाही, तर तेही रीतसर करा. महिनाभर आधी सूचना पिन करून ठेवा, उरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्या, डेटा उतरवून घ्या, मेसेज बंद करा, नव्या पत्त्याची लिंक लावा. खातं डिलीट करण्याआधी मंचाचे नियम तपासा, कारण काही ठिकाणी मोकळं झालेलं नाव दुसरं कोणी घेऊ शकतं. तसं असेल तर खातं पुसू नका. त्याचा पासवर्ड बदला आणि ते खातं कार्यभाराच्या यादीत नोंदवा.